वन्संची कुजकी

माझ्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला खेटून ठेवलेल्या तीन बरण्या मला पहिल्यांदा दिसल्या, त्या दिवसाची नोंद वहीत आहे : "आज फ्रिज दोनदा पुसला. देवा, माझं डोकं शांत ठेव." बस्स, एवढीच. रोज एक पान लिहायचं हा माझा लग्नापासूनचा शिरस्ता. खोटं लिहायचं नाही आणि कुणाविषयी वाकडं लिहायचं नाही, असे दोन नियम मी स्वतःला घालून घेतलेले. वन्सं आमच्याकडे राहायला आल्या आणि दुसरा नियम पाळणं माझ्या जिवावर यायला लागलं.

आज सात वर्षांच्या वह्या काढून बसले आहे. वन्संविषयी एकदा नीट, सलग लिहून ठेवायचं आहे. वाकडं लिहिणार नाही, पण साखर पेरूनही लिहिणार नाही.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात लागल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाल्या. मधली एकोणचाळीस वर्षं त्यांनी आजारी माणसांच्या चादरी धुतल्या. त्या चादरींवर काय काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. वन्सं मात्र ते जेवताना सांगायच्या.

"रक्ताला कधी गरम पाणी दाखवायचं नाही गं. एकदा गरम पाण्यानं सुतात बसलं की बसलं. आधी गार पाणी, मग साबण. आणि पू असला ना..."

हातात घास तसाच. मी माझं ताट उचलून स्वयंपाकघरात जायची. यांना काहीच वाटत नसे. बहिणीचं ऐकत ऐकत हे दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

मला देवाने नाक दिलं आहे, ते जरा सढळ हाताने दिलं आहे. दूध उद्या नासणार असलं तर मला आज कळतं. शेजारणीच्या घरी फडकं ओलं राहिलं तर मला भिंतीपलीकडून कळतं. वन्संना मात्र कसलाच वास येत नाही. ब्लीचच्या वाफेनं त्यांचं नाक कायमचं गेलं. म्हणजे घरात बायका दोन आणि नाक एक. त्या मला 'नाकबाई' म्हणायच्या. "नाकबाई, भाजी करपली का गं?" "नाकबाई, माझ्या लुगड्याला वास येतोय का बघ." बघण्याची गरज नसे. मला दारातूनच कळलेलं असे.

तर त्या बरण्या. तिन्हींत ओलं शेवाळ कोंबलेलं आणि त्या शेवाळात गडद लाल, बोराएवढी, लिबलिबीत फळं. काही फुटलेली. एका बरणीत पांढरी बुरशी धरायला लागलेली. आणि शेजारी माझं दूध!

"वन्सं, हे काय आहे?"

"कुजकीची फळं."

"ती माझ्या फ्रिजमध्ये का आहेत?"

"बियांना थंडी दाखवावी लागते, त्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. आणि ओल सुटता कामा नये. एकदा सुकलं की बी मेलं."

हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या होत्या. मी ते ऐकलं नाही, कारण तोवर मी पातेलं उचलून निघाले होते. पुढे जे झालं त्यात हा माझा पहिला दोष.

कुजकी हे रानातलं झाड. कुणी लावत नाही, ती आपली आपण येते. दवाखान्यामागच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत तिचा गालिचा असायचा म्हणे. वीतभर उंची, तीन पानं, मधोमध काळपट लाल फूल. थंडीत वरचं सगळं वाळून जातं, खाली कंद जिवंत राहतो आणि ऊब आली की तीच परत वर येते, अशी पन्नास-पन्नास वर्षं. दिसायला बरी. पण वास सडक्या मांसाचा. तिला मधमाश्या नकोतच, घाणीवर बसणाऱ्या माश्या हव्यात. देवाने असलं फूल कशासाठी घडवलं असेल, असं मी वहीत एकदा विचारलंही आहे.

वन्संना तिचं एवढं वेड का, ते त्यांनी भाजी निवडताना सांगितलं. कामाला लागल्या त्या आठवड्यात त्या रोज ओकायच्या. चौथ्या दिवशी नोकरी सोडायला निघाल्या, तेव्हा तिथल्या एका जुन्या बाईने त्यांचा दंड धरला, मागच्या दाराने उतारावर नेलं आणि मान खाली दाबून नाक कुजकीत खुपसलं. म्हणाली, "हा वास देवानंच केलाय. हा सोसलास तर आतलं सगळं सोसशील." वन्सं तिथेही ओकल्या. पण दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मग दर वर्षी फुलं आली की त्या मुद्दाम जाऊन एकदा वाकून वास घ्यायच्या. हजेरी लावल्यासारखं. आणि एका वर्षी वाकल्या तर काहीच आलं नाही. दुसऱ्या फुलाशी वाकल्या, तिसऱ्याशी वाकल्या. आपलं नाक गेलंय हे त्यांना तेव्हा कळलं.

"मग रडलात का?" मी विचारलं.

"रडायला काय झालं? त्या दिवशी मुडदेघरातल्या चादरी होत्या. म्हटलं, बरंच झालं." आणि खो-खो हसल्या.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी उताराचा खालचा भाग सपाट करून तिथे गाड्या लावायची जागा केली आणि वरचा नुसता खरडून ठेवला. कुजकी गेली. कुंपणाला लागून एक पट्टा तेवढा उरला होता, तोही आठवड्यात जाणार होता. वन्संनी त्यातली फळं पदरात भरली आणि थेट सरकारी बागेच्या कचेरीत गेल्या. तिथल्या बागवाल्या साहेबाने फळं बोटाने उलटीपालटी केली.

"बाई, ही कुंपणाजवळची. तिथे आम्हीच पलीकडच्या वाफ्यात शोभेची जात लावली होती. पानं तीच, रंग तोच, फक्त तिला वास नाही. ही तुमची रानातली आहे की आमची पळून गेलेली, ते फुलल्याशिवाय सांगता येणार नाही. वास आला तर खरी. खरी असेल तर बी आणून द्या, वरच्या उतारावर परत लावू. तसा ठराव आहे आमचा. नाहीतर ठेवा आपली कुंडीत."

"फुलायला किती दिवस?"

"दिवस? सात वर्षं धरा."

घरी येऊन वन्सं म्हणाल्या, "सात वर्षं काय, बसल्या बसल्या जातील." पण त्यांचे गुडघे ओल्या फरशीवर उभं राहून तेव्हाच कामातून गेले होते, आणि उतारावर आता दुसरं रोप नव्हतं. जे होतं ते माझ्या फ्रिजमध्ये.

आठवड्याने त्यांची एक जुनी सोबतीण वारली. वन्सं तीन दिवसांसाठी तिच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी फ्रिज उघडला आणि मला मळमळून आलं. बुरशीने बरण्या आतून पांढऱ्या झाल्या होत्या.

आता मी काय केलं ते लिहिते. वाईट हेतूने केलं नाही, हे देवाला माहीत आहे. बी म्हटलं की धुवायचं, पुसायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि कोरड्या डब्यात भरायचं, हे मला आईने शिकवलेलं. माझ्या घरातलं एकही बी कधी किडलेलं नाही. मी नाकाला पदर बांधला, दोन बरण्या ओतल्या, फळं चिरडून बिया काढल्या. प्रत्येक बीला एक पांढरट, तेलकट बोंड चिकटलेलं होतं. मला वाटलं ही सडच आहे. ते बोंड मी नखाने एकेक करून खरवडलं. अजून ते नखाखाली असल्यासारखं वाटतं. मग कढत पाण्यातून दोनदा काढलं आणि स्वच्छ पंच्यावर गच्चीत दोन दिवस ऊन दिलं. बिया कशा चकचकीत झाल्या! काचेच्या बाटलीत भरून वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली.

तिसरी बरणी मात्र माझ्याने उघडवेना. तिचं झाकण फुगलं होतं. झाकण सैल केलं तर जो भपकारा आला, त्याने मी मोरीपर्यंतही पोचले नाही. चिमट्याने धरून ती बरणी तशीच परसात नेली, गटाराच्या तोंडाशी उपडी केली, वर राख टाकली आणि हात सात वेळा धुतले. बरणी फेकून दिली.

वन्सं आल्या. मी बाटली पुढे केली. शाबासकीची वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू?

त्यांनी बाटली हलवली. आत बिया खुळखुळल्या. त्यांनी ती कानाशी नेऊन पुन्हा हलवली.

"गरम पाण्यानं धुतलंस?"

"कढत. दोनदा."

"आणि बोंडं?"

"एकेक काढली. नखानं."

"किती निगुतीनं केलंस गं," वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. एकोणचाळीस वर्षांत हाताखालच्या पोरींनी चादरींचा सत्यानाश केला असेल, तेव्हा त्या अशाच बोलत असतील. मी घाबरून तिसऱ्या बरणीचं सांगून टाकलं.

"कुठे? गटाराशी?" त्या उठल्याच. पायात वहाण अडकवायलाही थांबल्या नाहीत.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. साठीला आलेली बाई गटाराच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलेली, कोपरापर्यंत हात काळ्या चिखलात, आणि बोटांनी काहीतरी चाचपते आहे. मला शिसारी आली. ओरडले, "वन्सं, निदान हातमोजे तरी घाला!"

"चूप! मुंग्या बघतेय."

मुंग्यांची एक रांग राखेतून निघून भिंतीच्या कडेने चालली होती. दर चार-पाच मुंग्यांआड एका बीची मिरवणूक. त्या बोंडालाच धरून ओढत होत्या. मी जे घाण म्हणून खरवडलं, ते मुंग्यांचं खाणं होतं, आणि त्यापायीच त्या बी नेऊन नीट मातीत पुरतात. वन्सं रांगेमागे रांगत गेल्या. भिंतीच्या फटीशी, ओल्या काळ्या मातीत, त्यांना बिया सापडल्या. एकोणीस.

संध्याकाळी यांनी विचारलं, "ताई, हात का असे?"

"तुझ्या बायकोनं शेती केलीय," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी जुन्या कपाटाचे दोन खण काढून घेतले. पहिल्यात कुजलेल्या पाल्याची माती भरली, त्या एकोणीस बिया बोटभर खोल लावल्या, वर जाळी. दुसऱ्यात माझ्या चकचकीत बिया. खण त्याच गटाराजवळ, भिंतीच्या सावलीत ठेवले, कारण तिथे ओल हटत नाही. आणि फर्मान काढलं : त्या बाजूला साबणाचं पाणी, गरम पाणी, फिनेल काही जाता कामा नये. म्हणजे माझी मोरी अर्धी बंद! सात वर्षं मी बादल्या उचलून पुढच्या अंगणातून पाणी टाकलं. परसात शेवाळ माजलं, गोगलगायी झाल्या, वन्सं रोज सकाळी त्या गोगलगायी हाताने उचलून डब्यात भरायच्या आणि तोच हात पदराला पुसून चहाचा कप घ्यायच्या. वहीत त्या वर्षांची पानंच्या पानं "आज परस" या शब्दांनी सुरू होतात आणि पुढे काही लिहिलेलं नाही.

पहिलं वर्ष काही आलं नाही. "मेल्या वाटतं," मी म्हटलं. मनात थोडं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली.

"खाली मूळ धरतंय. पहिल्या वर्षी तोंड दाखवत नाही ती."

"तुम्हाला काय दिसतंय खालचं?"

"तुला भिंतीपलीकडचं फडकं कळतं ना? तसंच."

दुसऱ्या वर्षी ऊब आल्यावर गवताच्या पात्यासारखं एकेक पान वर आलं. अकरा पानं. तिसऱ्या वर्षीही एकेकच पान, जरा रुंद. चौथ्या वर्षी तीन-तीन पानं, आणि रोपं सात उरली. चार गोगलगायींनी नेली. दुसऱ्या खणात, माझ्या बियांच्या, काहीच नाही. तरी वन्सं त्या खणालाही पाणी घालायच्या, अगदी मोजून तेवढंच.

चौथ्या वर्षी माझ्याने राहवलं नाही. "वन्सं, त्यात आता काही नाही. मला रोज टोचायला घालता का पाणी?"

त्या झारी टेकवून उभ्या राहिल्या. "टोचायला नाही गं. तू एवढ्या मेहनतीनं धुतल्यास. कुणी मन लावून धुतलेलं मी कधी कचऱ्यात टाकलं नाही." मग डोळा मिचकावून म्हणाल्या, "आणि थोडं टोचायलाही."

त्या दिवशी वहीत मी पहिला नियम पाळला. लिहिलं : "मला माझ्या स्वच्छपणाची किळस आली." दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी फ्रिज पुसायला लागले. माणूस काही एका रात्रीत बदलत नाही.

सातव्या वर्षी एका रोपाला कळी आली. तोवर वन्संना काठी लागली होती आणि बोटांत बधिरपणा आला होता, बटण लावताना मला हाक मारायच्या. कळी आल्यापासून त्या परसातच खुर्ची टाकून बसायला लागल्या. कळी काळपट लाल झाली, मग एका सकाळी उघडली. तीन पाकळ्या, दिसायला ओल्या, चिरलेल्या काळजासारख्या. मी दारातून पाहिलं आणि आत आले.

वन्संनी दिवसभर मला फुलाशी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वास घ्यायला सांगतील या भीतीने मी परसाकडे फिरकत नव्हते. मग दुपारी लक्षात आलं की त्याही सांगायला भीत आहेत. वास नाही म्हटलं तर सात वर्षं एका शोभेच्या रोपापायी गेली, आणि उतारावरची ती कायमची संपली.

शेवटी त्या म्हणाल्या, "माश्या येत नाहीत गं."

"कुठे?"

"फुलावर. दोन दिवस बघतेय. एक माशी नाही. खरी असती तर माश्या आल्या असत्या." आणि मान फिरवून भिंतीकडे बघत बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

माश्या का नाहीत ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी पहाटे, वन्सं उठायच्या आत, मी गटारात फिनेल टाकलं होतं. सात वर्षांत एकदाच. वास असह्य झाला म्हणून. गटाराचाच असेल असं समजून.

"वन्सं," मी म्हटलं, "मी काल फिनेल टाकलं."

त्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता काठी उगारतात.

"का टाकलंस?"

"घाण वास येत होता."

"कधीपासून?"

"परवापासून."

"म्हणजे कळी फुगल्यापासून?" काठी खाली पडली. "नाकबाई, खाली बस. बस आधी!"

मी देवाचं नाव घेतलं, पदर खोचला आणि त्या शेवाळावर गुडघे टेकले. सगळीकडे फिनेलच होतं. फूल पानांखाली लपल्यासारखं खाली वाकलेलं, म्हणून मला जवळजवळ आडवं व्हावं लागलं. श्वास सोडला, नाक आत घातलं आणि ओढला.

लिहितानाही मला मळमळतं आहे.

"काय आहे? सांग!"

"आहे. वास आहे. शी! मेलेला..."

"मेलेला काय? नीट सांग. उंदीर?"

"उंदीर नाही. उंदीर कोरडा असतो. हे ओलं आहे. मांस... ओल्या कापडात गुंडाळून विसरलेलं. आणि त्याच्यावर काहीतरी गोडसर. गोड आहे म्हणूनच जास्त घाण आहे."

वन्संनी डोळे मिटले होते. "आणि मागून जरा लोखंडासारखं?"

मी पुन्हा नाक घातलं. "हो. लोखंड. रक्तासारखं."

"तोच," त्या म्हणाल्या. "धुलाईघराचं दार उघडलं की यायचा, तोच. पहिल्या दिवशीचा."

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी गटारात ओकत होते. वन्सं कशाबशा खुर्चीवरून उतरल्या आणि त्यांनी माझं कपाळ धरलं. हात थंडगार आणि घट्ट. ओकणाऱ्याचं कपाळ कसं धरायचं ते त्यांना येतं. हसून त्यांचे खांदे हलत होते. "शाबास! मीसुद्धा अशीच ओकले होते. ओक, ओक. गार पाण्यानं धुऊ आपण."

तिसऱ्या दिवशी बागवाला साहेब आला. वाकला, नाक नेलं आणि असा मागे उडाला की पाय खणावर पडता पडता वाचला. तोंडावर रुमाल धरून म्हणाला, "खरी आहे." वन्संनी माझ्याकडे बोट केलं. "हे आम्हाला आधीच कळलंय. घरात यंत्र आहे." फिनेलचा वास विरला आणि माश्याही आल्या. हिरव्या, जाड्या, बघवत नव्हत्या. घरी आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या.

काल फळ पिकलं. वन्संच्या बधिर बोटांतून ते निसटत होतं, म्हणून मी काढलं. हातमोजे घालून बियांवरची बोंडं निसटतील म्हणून उघड्या बोटांनी. फळ हातात फुटलं आणि मनगटापर्यंत ओघळलं. मी धुतलं नाही, पुसलं नाही. एकेक बी बोंडासकट ओल्या शेवाळात ठेवली. एकवीस आहेत. अकरा बागेच्या कचेरीत जायच्या, उतारासाठी. दहा आमच्या. दोन बरण्या केल्या आणि चिठ्ठी चिकटवायच्या आधी वन्संना विचारलं, "बरोबर ना?"

"आता तू पुढच्या सात वर्षांचं बघ," त्या म्हणाल्या. "मी फक्त खुर्चीवर बसणार."

"आणि वास कोण घेणार?"

"यंत्र आहे की!"

मला अजूनही किळस येते. फुलाचीही, त्या ओघळाचीही. ती जाईल असं वाटत नाही, आणि गेली तर वन्संना खरी-खोटी कुजकी कोण ओळखून देणार! बरण्या फ्रिजमध्ये मीच ठेवल्या, खालच्या कप्प्यात, मागे. दुधाच्या पातेल्यावर झाकण होतंच. त्यावर मी आणखी एक झाकण ठेवलं, आणि मग हात धुतले. गार पाण्याने.